जुन्या अँबेसेडरच्या क्रँककेसला पीसीव्ही व्हॉल्व्ह कसा बसवावा: मूळ भागांना हात न लावता करायची सुधारणा

पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असल्या, तरी प्रत्येक स्फोटाच्या वेळी थोडा वायू त्यांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या बंद कप्प्यात, उतरतोच. या वायूला ब्लो-बाय म्हणतात. त्यात न जळलेले पेट्रोल, काजळी आणि आम्ल तयार करणारे घटक असतात. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते, त्यामुळे या वायूत वाफही भरपूर असते. तो वेळच्या वेळी बाहेर पडला नाही तर ऑइल पातळ होते, ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पिवळसर चिकट थर जमतो, आतल्या पृष्ठभागांवर गंज धरतो आणि क्रँककेसमधला दाब वाढून ऑइल मिळेल त्या पॅकिंगमधून बाहेर येऊ लागते.

जुन्या इंजिनांत या वायूला वाट करून देण्याची पद्धत अगदी साधी होती. इंजिनाच्या बाजूने एक नळी खाली रस्त्याच्या दिशेने सोडलेली असे आणि तिचे टोक तिरके कापलेले असे. गाडी धावू लागली की टोकापाशी वाहणाऱ्या हवेमुळे तिथला दाब कमी होई आणि आतला वायू खेचला जाई. ही नळी, म्हणजे ड्राफ्ट ट्यूब, नीट काम करायला गाडीला ताशी सुमारे ४० किलोमीटर तरी वेग हवा. कोथरूडहून कर्वे रस्त्याने डेक्कनपर्यंत सकाळच्या गर्दीत जाणाऱ्या गाडीला तो वेग क्वचितच मिळतो. म्हणजे इंजिन सर्वांत जास्त वेळ ज्या स्थितीत चालते, नेमक्या त्याच स्थितीत त्याचे वायुविजन जवळजवळ बंद असते. पुण्यात जुनी गाडी केवळ प्रदर्शनापुरती न ठेवता नियमित चालवायची असेल, तर करण्यासारख्या सुधारणांमध्ये मी या कामाला पहिले स्थान देतो.

उपाय नवा नाही. इनटेक मॅनिफोल्डमधल्या (कार्ब्युरेटरमधले मिश्रण सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळ्यांमधल्या) निर्वाताने क्रँककेसमधला वायू खेचून तो पुन्हा सिलिंडरमध्ये जाळायचा आणि त्याच्या जागी गाळलेली ताजी हवा आत घ्यायची, ही पद्धत, म्हणजे पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन (पीसीव्ही), दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या इंजिनातही होती. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलांपासून नव्या मोटारींवर पीसीव्ही व्हॉल्व्ह येऊ लागला आणि १९६३ पासून तो अमेरिकेत सर्वत्र रूढ झाला. अँबेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाचे मूळ ज्या ब्रिटिश बी-सिरीज कुळात आहे, त्याच कुळातले इंजिन असलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीलाही १९६० च्या दशकात मॅनिफोल्डवर असा व्हॉल्व्ह बसवला गेला होता. म्हणजे हे इंजिन ही सुधारणा स्वीकारते, याचा पुरावा त्याच्या घराण्यातच आहे. पुढील वर्णन याच इंजिनाचे आहे. फियाट ११०० किंवा स्टँडर्ड हेराल्डच्या मालकांना तत्त्व तेच लागू पडेल, मात्र नळ्यांच्या जागा वेगळ्या असतील.

मूळ भागांना छिद्र पाडू नये

मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुन्या गाडीला विंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळू शकतो, परंतु गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी आणि तिच्यात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. त्यामुळे मॅनिफोल्डला ड्रिल मारून निपल बसवण्याचा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळत असला, तरी तो मानू नये. येथे सांगितलेली प्रत्येक गोष्ट एका दुपारी काढून गाडी पूर्ववत करता येते. काढलेली ड्राफ्ट ट्यूब, तिचा ब्रॅकेट आणि मूळ झाकण धुऊन, ऑइल लावून, चिठ्ठीसह पेटीत ठेवावे.

आधी इंजिनाची प्रकृती तपासावी

झिजलेल्या रिंगांवर पीसीव्ही हा इलाज नाही. ब्लो-बाय फार असेल तर व्हॉल्व्ह तो पुरेसा खेचू शकणार नाही आणि उलट ऑइलचे थेंब मॅनिफोल्डमध्ये पोहोचून प्लग काळे पडतील. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. आकड्यापेक्षा चार सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा असतो. तो १० टक्क्यांच्या आत असावा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे मिळणारा आकडा पुस्तकातल्यापेक्षा काहीसा कमी येतो, त्याने घाबरून जाऊ नये. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा लगेच वाढला तर दोष रिंगांचा आहे आणि ते काम आधी करणे भाग आहे.

दुसरी तपासणी क्रँककेसमधल्या दाबाची आहे. ती बहुतेक जण करतच नाहीत, आणि मग सुधारणेचा उपयोग झाला की नाही हे केवळ अंदाजाने सांगतात. यासाठी लागणारे उपकरण शंभर-दोनशे रुपयांत घरी तयार होते. गवंडी पातळी काढायला वापरतात तसली पारदर्शक नळी सुमारे तीन मीटर घ्यावी, फळीवर यू आकारात अशी बसवावी की प्रत्येक बाजू किमान ६० सेंटिमीटर उंच राहील, आणि ती अर्ध्यापर्यंत रंगीत पाण्याने भरून मागे मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. एक टोक उघडे ठेवावे. दुसरे टोक भोकाच्या रबरी बुचातून डिपस्टिकच्या छिद्रात घट्ट बसवावे. पिस्टनच्या हालचालीने पाणी नाचते, म्हणून नळीत मत्स्यालयाच्या हवेच्या नळीचा छोटा प्लास्टिक व्हॉल्व्ह घालून तो जवळजवळ बंद ठेवावा, म्हणजे आकडा स्थिर वाचता येतो.

ड्राफ्ट ट्यूब जागेवर असताना गरम इंजिन आयडलिंगवर ठेवून आणि नंतर सुमारे २५०० आरपीएमवर दोन्ही बाजूंच्या पाण्यातील फरक वहीत लिहावा. निरोगी इंजिनात हा दाब शून्याच्या जवळ किंवा काही मिलिमीटर वर असतो. उभ्या गाडीत तो २५ मिलिमीटरच्या पुढे जात असेल, तर एकतर रिंगा गेल्या आहेत किंवा ड्राफ्ट ट्यूबच्या मुळाशी असलेला ऑइल अडवणारा जाळीचा कप्पा तुंबला आहे. कित्येक जुन्या गाड्यांत तो कप्पा पूर्वी कधी उघडलेलाच नसतो.

साइड कव्हर आणि त्यातला सेपरेटर

बी-सिरीज इंजिनात टॅपेटच्या कप्प्यावर, मॅनिफोल्डच्या खाली, पत्र्याची दोन साइड कव्हर असतात. त्यांपैकी पुढच्या कव्हरवर ब्रीदरचा कप्पा, म्हणजेच वर सांगितलेला ऑइल अडवणारा सेपरेटर, असतो आणि ड्राफ्ट ट्यूब तिथूनच खाली उतरते. नव्या रचनेत वायू बाहेर काढण्याची जागा हीच राहणार आहे. कव्हर काढून कप्पा रात्रभर रॉकेलमध्ये भिजवावा आणि दोन्ही दिशांनी कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून स्वच्छ करावा. पलीकडून काळे पाणी येणे थांबेपर्यंत हे करत राहावे.

कव्हर परत बसवताना घाई करू नये. प्रत्येक कव्हर मधल्या एकाच बोल्टने धरलेले असते, आणि गळती थांबेना म्हणून आधीच्या मेकॅनिकने तो बोल्ट आवळून आवळून पत्रा वाकवलेला असण्याची शक्यता मोठी असते. सपाट काचेवर कव्हर ठेवून कडा तपासावी, वाकली असेल तर लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने सरळ करावी, कॉर्कचे नवे पॅकिंग कव्हरच्या बाजूने चिकटवावे आणि बोल्ट पॅकिंग जेमतेम दबेल इतकाच आवळावा. या एका पायरीवर बाकीच्या कामाचे यश अवलंबून आहे, कारण आता आत निर्वात राहणार आहे आणि प्रत्येक फट म्हणजे न गाळलेली, धुळीची हवा आत येण्याचे दार ठरणार आहे. याच कारणाने रॉकर कव्हरचे पॅकिंग (गॅरेजमध्ये याला टॅपेट कव्हर म्हणतात) आणि डिपस्टिकखालचा वॉशरही नवा घालावा. ऑइल भरण्याचे झाकण छिद्राचे असेल तर त्याऐवजी बंद झाकण वापरावे.

या इंजिनाच्या मागच्या मेन बेअरिंगला रबरी सील नाही. तिथे क्रँकवर कापलेले उलटे आटे ऑइल परत आत लोटतात, एवढीच व्यवस्था आहे. क्रँककेसमध्ये दाब वाढला की ते ऑइल बेलहाउसिंगच्या खालच्या छिद्रातून, ज्यात स्प्लिट पिन लोंबते तिथून, ठिबकू लागते. पीसीव्हीने आतला दाब वातावरणापेक्षा किंचित कमी राहिला की हे ठिबकणे बऱ्याचदा लक्षणीय कमी होते. अँबेसेडरच्या मालकाला या सुधारणेचा डोळ्यांना दिसणारा फायदा कुठला, असे कोणी विचारले तर मी हाच सांगेन.

व्हॉल्व्हची निवड

पीसीव्ही व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंगवर टेकलेला छोटा दट्ट्या असतो. आयडलिंगला निर्वात सर्वाधिक असतो, तेव्हा दट्ट्या ओढला जाऊन वाट अरुंद होते. मध्यम वेगात तो मागे सरकतो आणि जास्त वायू जाऊ देतो. मॅनिफोल्डमध्ये बॅकफायर झाले तर तो उलट दिशेने बसून वाट पूर्ण बंद करतो, त्यामुळे ज्वाला क्रँककेसपर्यंत पोहोचत नाही. व्हॉल्व्हऐवजी नुसते छिद्र असलेला निपल लावण्याची युक्ती काही जण सुचवतात. तिच्यात हे संरक्षण तर नाहीच, पण हिशेबही जुळत नाही.

तो हिशेब असा. १४८९ सीसीचे इंजिन ८०० आरपीएमवर आयडल होत असताना मिनिटाला ढोबळमानाने २०० लिटर हवा घेते. २ मिलिमीटरच्या छिद्रातून त्या वेळच्या निर्वातात २५ ते ३० लिटर हवा जाते, म्हणजे एकूण हवेचा साधारण सातवा-आठवा हिस्सा. तेवढे कार्ब्युरेटरच्या सेटिंगने सांभाळता येते. छिद्र ३ मिलिमीटरचे केले की हाच आकडा ६० च्या पुढे जातो आणि आयडलिंग बिघडते. उलट २ मिलिमीटरचे छिद्र आयडलिंगला ठीक असले, तरी भार वाढल्यावर ब्लो-बाय वाढतो आणि ते छिद्र मात्र तेवढेच राहते. व्हॉल्व्ह दोन्ही स्थिती सांभाळतो, म्हणून व्हॉल्व्हच घ्यावा.

तो आपल्या इंजिनाच्या जवळपासच्या क्षमतेच्या पेट्रोल इंजिनाचा असावा. १२९८ सीसीच्या मारुती एस्टीम किंवा जिप्सीचा व्हॉल्व्ह आकारमानाने जुळणारा आहे आणि नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांत अशा गाड्यांचे सामान मिळते. विकत घेताना तो कानाजवळ हलवून आत दट्ट्या खुळखुळतो का पाहावे. क्रँककेसच्या बाजूने नळी लावून फुंकल्यास हवा सहज गेली पाहिजे, मॅनिफोल्डच्या बाजूने फुंकल्यास अडली पाहिजे. वापरलेला व्हॉल्व्ह तोंडाने कधीही तपासू नये आणि शक्यतो घेऊही नये.

मॅनिफोल्डला जोडणी: कार्ब्युरेटरखालची प्लेट

निर्वात घेण्याची जागा थ्रॉटलच्या (कार्ब्युरेटरमधली हवा कमी-जास्त करणाऱ्या चकतीच्या) खाली, पण चारही सिलिंडरांना समान असावी. एखाद्या फाट्यावर जोडणी केली तर जवळच्या सिलिंडरांचेच मिश्रण पातळ होते. म्हणून कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये १६ मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची प्लेट बसवणे सर्वांत उत्तम. हायलमची (थर दाबून केलेल्या कडक प्लास्टिकची) प्लेट उष्णता कमी वाहते, पण तिच्या थरांमध्ये आडवे आटे पाडले की ती चिरते, म्हणून मी अॅल्युमिनियम सुचवतो. मूळ उष्णतारोधक ठोकळा असेल तर तो जागेवरच ठेवावा.

टर्नरला कार्ब्युरेटरचे नवे पॅकिंग नमुना म्हणून द्यावे. मधले भोक कार्ब्युरेटरच्या भोकाएवढेच असावे आणि आत कुठेही कंगोरा राहू नये. थ्रॉटलची चकती पूर्ण उघडल्यावर खाली किती येते ते कार्ब्युरेटर हातात घेऊन पाहावे, म्हणजे ती प्लेटला घासणार नाही. प्लेटच्या कडेला १/८ इंच बीएसपी (ब्रिटिश पाइप मापाचे) आटे पाडून पितळी निपल बसवावा; आतल्या टोकाला ६ मिलिमीटरचे छिद्र पुरते. पितळी निपल, क्लिपा आणि फायबर वॉशर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एका फेरीत मिळतात.

प्लेटमुळे कार्ब्युरेटर १६ मिलिमीटर वर उचलला जातो, म्हणून तेवढे लांब स्टड घ्यावे लागतात. मूळ स्टड दोन नट एकमेकांवर आवळून काढावेत आणि पेटीत ठेवावेत. अॅक्सिलरेटरचा दांडा आणि चोकची वायर नव्या उंचीला जुळवून घ्यावी. एअर क्लीनर बॉनेटला लागतो का हे पाहण्यासाठी त्याच्या माथ्यावर शाडूच्या मातीचा गोळा ठेवून बॉनेट हळूच बंद करावे. गोळा दबून दहा मिलिमीटरपेक्षा जास्त जाडीचा उरला तर जागा पुरेशी आहे.

नळ्या आणि ताजी हवा

साइड कव्हरच्या ब्रीदरपासून एक छोटा ऑइल कॅच कॅन (वायूसोबत आलेले ऑइल आणि पाणी अडवणारा डबा), तिथून व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्हपासून प्लेटचा निपल, असा वायूचा मार्ग राहील. ब्रीदरपासून कॅनपर्यंतची नळी १६ ते १९ मिलिमीटर आतील व्यासाची आणि सतत चढती असावी, म्हणजे सुटलेले ऑइल परत इंजिनात ओघळेल. पुढची नळी १० ते १२ मिलिमीटरची चालते. नळी पेट्रोल आणि ऑइल सहन करणाऱ्या नायट्राइल रबराची, जाड भिंतीची घ्यावी. हीटर किंवा रेडिएटरची नळी ऑइलने फुगते आणि निर्वाताने चपटी होते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड याच बाजूला असल्याने नळी त्याच्यापासून किमान ५० मिलिमीटर दूर, पुढून वळवून न्यावी आणि तिच्यावर उष्णतारोधक आवरण चढवावे. व्हॉल्व्ह शक्यतो उभा बसवावा आणि त्यावरचा बाण मॅनिफोल्डच्या दिशेने असल्याची खात्री करावी.

ताजी हवा रॉकर कव्हरच्या मूळ नळीतून आत येईल. ही नळी एअर क्लीनरच्या गाळलेल्या बाजूला, म्हणजे जाळीच्या पलीकडे, उघडते का ते क्लीनर खोलून स्वतः पाहावे. तिच्या तोंडाशी पितळी जाळीची चकती घालावी. पूर्ण अॅक्सिलरेटर दिल्यावर मॅनिफोल्डमधला निर्वात संपतो, तेव्हा जादा वायू याच नळीने उलट एअर क्लीनरमध्ये येतो आणि तिथून इंजिनातच जातो. म्हणून ही नळी बंद करणे किंवा तिच्या जागी उघडा छोटा फिल्टर लावणे टाळावे.

सेटिंग आणि मोजणी

इंजिन सुरू केल्यावर आयडलिंग वाढलेले आणि काहीसे खडबडीत असेल, कारण व्हॉल्व्हमधून जादा हवा येत आहे. इंजिन पूर्ण गरम करून आधी थ्रॉटलचा स्क्रू सोडून वेग खाली आणावा, मग मिश्रण थोडे गडद करावे. सोलेक्स कार्ब्युरेटरमध्ये त्यासाठी मिश्रणाचा स्क्रू किंचित बाहेर घ्यायचा असतो, एसयूमध्ये जेटचा नट खाली घ्यायचा असतो. व्हॅक्युम गेज असेल तर काम सोपे होते. मात्र समुद्रसपाटीला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) सांगितला जाणारा आकडा पुण्याच्या उंचीवर साधारण १५ ते १९ इंच येतो, हे ध्यानात ठेवावे. थ्रॉटल पूर्ण बंद करूनही वेग उतरत नसेल तर व्हॉल्व्ह इंजिनाच्या मानाने मोठा आहे किंवा प्लेटचे पॅकिंग हवा घेत आहे. नळी पकडीने दाबल्यावर वेग थोडा उतरला पाहिजे. काहीच फरक पडत नसेल तर वाट तुंबलेली आहे.

आता पाण्याची नळी पुन्हा डिपस्टिकच्या छिद्रात लावावी. आयडलिंगला ५ ते ४० मिलिमीटर निर्वात दिसला म्हणजे काम जमले. निर्वात १०० मिलिमीटरच्या पुढे असेल तर ताज्या हवेची वाट कुठेतरी अडली आहे. निर्वात मुळीच नसेल तर एक चाचणी करावी: रॉकर कव्हरची नळी क्लीनरकडून सोडवून तिचे तोंड अंगठ्याने दोन-तीन सेकंद बंद करावे. इंजिन हवाबंद असेल तर पाणी झपाट्याने चढते, आणि म्हणूनच अंगठा लगेच काढायचा, नाहीतर पाणी थेट क्रँककेसमध्ये ओढले जाईल. पाणी हललेच नाही तर साइड कव्हर, रॉकर कव्हर आणि टायमिंग कव्हर यांच्या कडा पाहाव्यात. गळती शोधायला उदबत्तीचा धूर वापरण्याची पद्धत आहे. पेट्रोलच्या वाफा असलेल्या जागी ती करू नये. इंजिन बंद करून, ताज्या हवेच्या नळीतून अगदी हलकी फुंकर घालून कडांना साबणाचे पाणी लावले तरी बुडबुडे दिसतात.

खरी परीक्षा भाराखाली होते. पाण्याची फळी पुढच्या सीटसमोर बांधून, नळी लांब करून, सोबतच्या माणसाला वाचायला बसवावे आणि कात्रजचा जुना घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढावा. पूर्ण अॅक्सिलरेटरला आकडा क्षणभर १०-२० मिलिमीटर दाबाकडे गेला तर ते स्वाभाविक आहे. तो दाबाकडेच राहत असेल तर ब्लो-बाय व्हॉल्व्हच्या आवाक्याबाहेर आहे, आणि कॉम्प्रेशनच्या आकड्यांकडे परत जावे लागेल. हे सगळे जमल्यावर पीयूसी काढावी, कारण आयडलिंगचे मिश्रण बदललेले असते.

देखभाल

कॅच कॅनमध्ये पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी दुधाळ पाणी साचते. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच जात असेल तर ते जास्त साचते, म्हणून त्या महिन्यांत कॅन दर पंधरवड्याला उघडून पाहावा. निघालेले पाणी आणि ऑइल गटारात न ओतता जुन्या ऑइलच्या डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे. कॅनमध्ये पाण्याऐवजी काळे ऑइलच भराभर जमू लागले, तर आधी साइड कव्हरमधला सेपरेटर आणि नंतर रिंगा तपासाव्यात. व्हॉल्व्ह दर ऑइल बदलाला काढून हलवून पाहावा, खुळखुळाट मंद झाला तर कार्ब्युरेटर क्लीनरने धुवावा, आणि २० हजार किलोमीटरनंतर तो कसाही वाटत असला तरी नवा घालावा. त्याच वेळी पाण्याच्या नळीचा आकडा पुन्हा घेऊन वहीतल्या जुन्या आकड्याच्या खाली लिहावा.